रविवार धरायचे नसतात

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळाला राख लावून घेतली. नवे फादर वयाने लहान आहेत आणि अंगठा भीतभीत टेकवतात, त्यामुळे निम्मी राख माझ्या चष्म्यावर सांडली. घरी येईपर्यंत सगळं जग करडं दिसत होतं.

त्याआधी फादरांपाशी बसलो होतो. म्हटलं, "या उपवासकाळात सोडू काय? मांस दातांनीच सोडलंय. गोड डॉक्टरांनी बंद केलंय. चहा सोडला तर माझी सून मला सोडेल, इतकी माझी चिडचिड होते."

फादर म्हणाले, "काका, तुम्ही इथे बसल्यापासून तीन कविता म्हणून दाखवल्यात. त्या सोडा."

मला वाटलं, गंमत करतायत. पण ते हसले नाहीत.

"चाळीस दिवस एकही ओळ नाही. मनात आली तर येऊ दे. ओठांवर आणायची नाही."

पन्नास वर्षं मी छापखान्याच्या बांधणीखात्यात शाळेची पुस्तकं बांधली. छापलेले कागद दुमडता दुमडता पहिलीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता पाठ झाल्या. आता पुस्तकं बदलली, पोरं बदलली. त्या जुन्या कविता बहुधा माझ्या एकट्याच्या तोंडात राहिल्या आहेत. त्या सोडायच्या म्हणजे बिऱ्हाडच उठवायचं.

पण शब्द दिला आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर आजच्या तारखेवर पहिली फुली मारली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सकाळी खिडकीशी ढग आले आणि तिसरीतली ढगांची कविता दाताशी येऊन उभी राहिली. पाण्याचा घोट घेऊन गिळली. सून बघत होती.

"बाबा, औषध घेताय का?"

"कविता गिळतोय."

"छान. मग एक काम करा, आमची वाक्यं पुरी करणंही सोडा. काल मी 'आज ऑफिसात' एवढंच म्हटलं, तर तुम्ही 'गर्दी होती' म्हणून मोकळे. गर्दी नव्हतीच. लाइट गेली होती."

जित्याची खोड. पण मी काही वाईट हेतूने करत नाही. समोरच्याचा वेळ वाचतो.

रविवार, २२ फेब्रुवारी

पाच फुल्या झाल्या.

देवळात मिस्साच्या प्रार्थनेला धाकटा भाऊ नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला, खांबाजवळ. मी उजवीकडे पहिल्या बाकावर. बाहेर पडताना त्याने चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता गेला. सात वर्षं हेच चाललंय. त्याची बायको मात्र थांबते, "दादा, गुडघा कसा आहे?" विचारते. भावजय सोन्यासारखी आहे.

कारण लिहून ठेवावं, म्हणजे मी गेल्यावर मुलांना कळेल की चूक कुणाची होती.

धाकटा बोलताना अडतो. लहानपणापासून. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर गाडी थांबते आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. शिलाई मशीन दुरुस्त करतो, त्या धंद्यात फार बोलावं लागत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात जेवणाआधी तो दोन शब्द बोलायला उभा राहिला. हातात कागदसुद्धा नव्हता. पहिलं वाक्य कसंबसं झालं. दुसऱ्या वाक्याच्या तिसऱ्या शब्दावर अडला. दोनशे माणसं. कुणाचा चमचा वाजला, कुणी खाली बघायला लागलं. सख्ख्या भावाची शोभा होताना बघवेना. मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं वाक्य पूर्ण केलं, वर सहावीतली निरोपाची कविता म्हटली. बायका रडल्या. टाळ्या पडल्या.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

संध्याकाळी भावजय आली. सुनेने खुर्ची दिली तर बसलीच नाही, दाराला टेकून उभी राहिली.

"दादा, तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मी सांगते. उत्तम शुक्रवारचा पहिला उतारा यंदा हे वाचणार आहेत."

"हे म्हणजे?"

"माझे हे. दुसरे कुठले असणार?"

गुड फ्रायडेच्या दुपारी वाचायचा तो बायबलमधला लांब उतारा, सगळं निमूट सोसणाऱ्या सेवकाचा. बावीस वर्षं मी वाचतोय. मला पाठ आहे.

"फादरांनी त्याला भरीला पाडलं का?"

"नाही. हे स्वतःच गेले. फादरांनी विचारलं, उपवासकाळात काय सोडणार? तर म्हणाले, गप्प बसणं सोडणार." असं सांगून ती हसली, मग तिचे डोळे भरले. "माझं एकच मागणं आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

मी म्हटलं, "मी कशाला मध्ये पडेन? मी आजवर त्याला फक्त सावरलंय."

ती तशीच निघाली. चहाही घेतला नाही.

उतारा गेल्याचं वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण त्याहून काळजी वाटते. बाराशे माणसं असतात त्या दुपारी. लग्नात दोनशेच होती.

बुधवार, ४ मार्च

बँकेतून येताना मुद्दाम त्याच्या दुकानावरून आलो. रस्त्याच्या पलीकडे, विजेच्या खांबाआड उभा राहिलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. धाकटा एका जुन्या पायडलच्या मशीनवर बसला होता. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. पाय चालत होते आणि उताऱ्याचा कागद समोर चिमट्याने लावलेला.

तो वाचत होता. मशीनच्या टकटकीवर शब्द अगदी सरळ रांगेत बाहेर पडत होते, टाके पडावेत तसे. एकदाही अडला नाही! मग त्याने पाय थांबवले आणि तेच वाक्य पुन्हा घेतलं. दुसऱ्याच शब्दावर अडला. मान पुढे, डोळे मिटलेले, मानेची शीर ताठ. पुन्हा पाय चालू. पुन्हा बंद. असं मी मोजलं, नऊ वेळा.

रस्ता ओलांडून जावं आणि तो एक शब्द त्याच्या हातावर ठेवावा असं फार वाटलं. गेलो नाही. शब्द दिला होता म्हणून नव्हे, ट्रक आला.

सोमवार, ९ मार्च

वीस फुल्या. निम्मं झालं.

आज सून जेवताना तिच्या ऑफिसातल्या एका बाईविषयी बोलली. मी घास चावत राहिलो. तिने त्या बाईच्या नवऱ्याच्या बदलीपासून सुरुवात केली आणि शेवट भलत्याच ठिकाणी झाला. मी मध्ये बोललो असतो तर शेवट ऐकायलाच मिळाला नसता. शेवटी म्हणाली, "आज बरे ऐकताय."

म्हटलं, "उपास आहे."

शुक्रवार, २० मार्च

क्रुसाची वाट केली. चौदा ठिकाणी गुडघे टेकायचे; सातव्यापासून मी नुसतं वाकलो. देवाला माझे गुडघे माहीत आहेत.

परत येताना शाळेची आठवण आली. कविता म्हणायची नाही, पण आठवायला फादरांनी मनाई केलेली नाही. मी सहावीत होतो, धाकटा पहिलीत. त्यांच्या बाईंनी त्याला कविता म्हणायला उभं केलं. तो अडला. बाई प्रेमळ, त्यांनी एका मुलीला पाठवून मला वरच्या वर्गातून बोलावून घेतलं. "दादा, तूच म्हणून दाखव रे." मी म्हटली. काय आवाज होता माझा! खिडकीतून ऊन आलं होतं, फळ्यावरचा खडू चमकत होता, सगळा वर्ग गप्प. मग ती रीतच पडली. वर्षभर आठवड्यातून एकदा तरी मला खाली बोलावणं यायचं. माझी कविता होईपर्यंत धाकट्याला बाकावर उभं ठेवत. शिक्षा म्हणून नसावं, त्याला मी नीट दिसावा म्हणून असेल.

किती सुंदर दिवस होते ते. त्यालाही आठवत असतील.

रविवार, २९ मार्च

झावळ्यांचा रविवार. आणि चाळिसावी फुली!

झावळी हातात धरून घरी आलो, फुली मारली, आणि स्वयंपाकघरात उभा राहून ओळीने अकरा कविता म्हटल्या. ढगांची दोनदा. सुनेने पहिल्या तीन ऐकल्या, चौथीला कुकर लावला, सहावीला बाहेर गेली. मला तहानेल्या माणसासारखं झालं होतं.

चाळीस दिवस जिभेला कुलूप घातलं. माझ्यासारख्या माणसाने. स्वतःचंच कौतुक वाटलं. आता या आठवड्यात एक चांगलं काम करायचं आहे. शुक्रवार जवळ आला. धाकट्याला असा वाऱ्यावर सोडता येणार नाही.

सोमवार, ३० मार्च

गेलो. सात वर्षांनी त्याच्या दुकानाची पायरी चढलो.

तो एका मशीनच्या पोटात हात घालून बसला होता. मला बघितलं, हात काढला, पुसला. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावरचे पट्टे आणि बॉबिनचा डबा खाली ठेवला, फडक्याने स्टूल पुसलं. दोनदा पुसलं. मी बसलो. एक बाई आपलं मशीन न्यायला आलेली बाकावर थांबली होती.

म्हटलं, "उतारा ऐकव. मशीनशिवाय."

त्याने हात पुन्हा पुसले. मग कागद घेऊन उभा राहिला. दुकानात, उघड्या दारासमोर, माझ्यासाठी उभा राहिला. पहिल्या दोन ओळी बऱ्या झाल्या. तिसऱ्या ओळीत अडला. मी तो शब्द दिला. पुढे अडला, पुढचा दिला. मग मला वाटलं, त्याला एकदा सगळा उतारा कानावरून गेला की चाल सापडेल. म्हणून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. न बघता. फार दिवसांनी आवाज मोकळा सुटला होता. बाकावरची बाई म्हणाली, "वा, काय म्हणता हो तुम्ही!"

धाकट्याने कागदाची चौघडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि पुन्हा मशीनमध्ये हात घातला. भारावला असावा.

मंगळवार, ३१ मार्च

सकाळी साडेसातला भावजय दारात. आज "दादा, गुडघा कसा आहे" नाही.

"काय केलंत तुम्ही हे? काल रात्री जेवले नाहीत. आज पहाटे उठून फादरांना सांगून आले, मी वाचणार नाही म्हणून. महिनाभर, दादा! महिनाभर रोज दुपारी मशीनवर बसून घाम गाळत होते ते. आणि तुम्ही अर्ध्या तासात..."

"अगं, मी मदत..."

"मला बोलू द्या!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचं दार उघडलं. "एक मागणं मागितलं होतं. एक. निदान ईस्टर होईपर्यंत तरी जीभ आवरायची. तुम्ही म्हणे कविता सोडली होती. सगळं गाव सांगत होतं."

"माझे चाळीस दिवस रविवारी पुरे झाले."

तिने आवाज खाली आणला. मग एखाद्या लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, "रविवार धरायचे नसतात, दादा. रविवारी उपास नसतो. ते सोडून मोजायचं. आज छत्तिसावा आहे."

बावीस वर्षं मी देवळात उभा राहून वाचतोय आणि मला हे माहीत नव्हतं. आई होती तोवर आई मोजायची, मग बायको. मला ताटात काय आलं त्यावरून कळायचं. छापखान्यात रविवार पगारात धरत, म्हणून मी इथेही धरले.

भावजय जाताना म्हणाली, "त्यांनी स्टूल पुसलं तुमच्यासाठी. मला सांगत होते काल. दोनदा पुसलं म्हणाले."

दुपारी फादरांचा फोन. "काका, आता ऐन वेळी कुणाला सांगू? शुक्रवारी तुम्हीच वाचाल ना?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. खोटं कशाला लिहू? फोन ठेवल्यावर आधी आनंद झाला.

बुधवार, १ एप्रिल

सकाळपासून उतारा मनात म्हणून बघतोय. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. सून ऑफिसला निघताना पायरीवर थांबली.

"बाबा, एक विचारू? रागावू नका. लग्नात तुम्ही काकांचं वाक्य पूर्ण केलंत ना. ते काय म्हणणार होते?"

"तेच. पाहुण्यांचे आभार, मुलीला आशीर्वाद."

"ते तुम्ही म्हणालात. ते काय म्हणणार होते?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि सांगता येईना. तिची बस आली, ती गेली.

दिवसभर विचार केला. तो कुठल्या शब्दांपुढे अडला होता हे आठवतं: "आणि माझा". माझा काय? मी "माझा आनंद गगनात मावेना" असं जोडून दिलं होतं. त्याच्या मनात दुसरं काही असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सात वर्षांत एकदाही नाही. मी समजत होतो, ते त्याचंच वाक्य होतं.

संध्याकाळी फादरांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मग कोण वाचणार?"

म्हटलं, "ज्याचा आहे तो."

"आणि तो नाही आला तर?"

म्हटलं, "उद्या दुकान उघडताना त्याच्याकडे जातो." 

गुरुवार, २ एप्रिल

दुकान उघडायच्या वेळी जाऊन पायरीवर उभा राहिलो. आत गेलो नाही. खिशातली चौघडी काढून पुढे केली.

"मी फादरांना नाही म्हणून सांगितलंय. दुसरं कुणी ठरवलेलं नाही. तू उभा राहिला नाहीस तर उद्या तिथे कुणीच नसेल."

त्याने कागद घेतला नाही. मला म्हणाला, "त... त..."

मला शब्द माहीत होता. निदान तीन शब्द माहीत होते, त्यातला कुठलाही चालला असता. मी त्याच्या मागच्या भिंतीवर टांगलेले पट्टे मोजायला लागलो. सतरा होते.

"तुझे ओठ हलतात," तो म्हणाला.

"काय?"

"मी बोलतो तेव्हा. तुझे ओठ ह... हलतात. प... पहिलीपासून. मला शब्द दिसत नाही मग. तुझं त... तोंडच दिसतं." थांबून त्याने श्वास घेतला. मीही घेतला. "पुढे बसू नकोस."

सात वर्षांत माझ्याशी बोललेली त्याची ही पहिली वाक्यं. मी मान हलवली. तेव्हा त्याने कागद घेतला.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. मनात उतारा म्हटला. हलतात.

शुक्रवार, ३ एप्रिल

दुपारी अडीचलाच गेलो. माझा पहिला बाक सोडून अगदी मागे, जिन्याखाली, जिथे लहान मुलांना घेऊन आया बसतात तिथे बसलो. समोर खांब. वाचणारा माणूस तिथून दिसत नाही. लोक वळून बघत होते, एका बाईने, "तब्येत बरी नाही का?" असं विचारलं.

तीन वाजता सुरू झालं. आज घंटा नाही, पेटी नाही. फादर रिवाजाप्रमाणे वेदीपुढे जमिनीवर पालथे पडले, उठले. मग शांतता. वाचनाच्या जागेकडे कुणी चालत जातंय का, ते खांबामुळे दिसेना. कान तिकडे लावले. चपलांचा आवाज आला. त्याच्या उजव्या चपलेची टाच झिजलेली आहे, ती फरफटते.

पहिली ओळ झाली. दुसरी. तिसऱ्या ओळीत, जिथे सोमवारी, तिथेच अडला.

मला वाटतं अर्धं मिनिट गेलं असेल. देवळात अर्धं मिनिट किती मोठं असतं, ते मी कधी मोजलं नव्हतं. माझ्या वाचनात अशी जागाच नसायची. कुणी खोकलं. एक बाळ रडलं, त्याच्या आईने त्याला छातीशी धरलं. माझ्या जिभेवर तो शब्द गोळीसारखा पडून होता. मी हात तोंडावर घट्ट दाबला. हाताच्या आत ओठ हलत होते, ते मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. म्हणून दाबूनच धरला.

मग शब्द आला. त्याचा तो आला. तिथून उतारा पुढे सरकला, थांबत, अडत, पुन्हा सरकत. आणखी चार ठिकाणी अडला. चारही ठिकाणी बाराशे माणसं थांबली. कुणी खाली बघितलं असेल तर मला दिसलं नाही. सेवक तोंड उघडत नाही असं जिथे आहे, तिथे तो अडला नाही, पण स्वतःहून थांबला. तिथे थांबायचं असतं, हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मला साडेपाच मिनिटं लागत. त्याला चौदा लागली.

बाहेर भेटायला थांबलो नाही. घरी येऊन झोपलो.

रविवार, ५ एप्रिल

ईस्टर. सकाळचा मिस्सा झाला, पेटी वाजली, सगळ्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. आज मला कविता म्हणायची मोकळीक होती. एकही म्हटली नाही. वेळच झाला नाही.

अकराला धाकटा आणि भावजय घरी आले. तो खुर्चीत बसला आणि आमच्या नळाबद्दल बोलायला लागला. नळ गळतो, वायसर बदला, बाजारात वायसर दोन प्रकारचे मिळतात, त्यातला काळा घेऊ नका. मग मोटारीवरच्या मशीनबद्दल, मग जावयाच्या स्कूटरबद्दल. पाऊण तास. माझ्या भावाला इतक्या गोष्टींबद्दल इतकी मतं आहेत, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. बरीचशी चुकीची आहेत.

भावजय आणि सून आत गेल्यावर मी विचारलं, "लग्नात तू काय म्हणणार होतास? 'आणि माझा', त्याच्या पुढे?"

तो हसायला लागला. आधी हसला, मग सांगायला लागला, त्यामुळे दुप्पट अडला. मी जमिनीकडे बघत होतो आणि ओठ दातांत धरले होते.

"आणि माझा द... दादा इथे बसलाय. तो आत्ता उ... उठेल. त्याला कुणीतरी ध... धरून ठेवा. माझी अजून दोन व... वाक्यं राहिली आहेत."

चार महिने त्याने हा विनोद मशीनवर पाठ केला होता. "सगळे हसले असते," तो म्हणाला. "तूसुद्धा."

मी हसलो. बराच वेळ हसलो, चष्मा काढून पुसावा लागला. आतून भावजयीने विचारलं, "काय झालं एवढं हसायला?"

मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

मग त्या दोघी बाहेर आल्या, बसल्या, आणि त्याने तो विनोद पहिल्यापासून पुन्हा सांगितला. या वेळी त्याला आणखी वेळ लागला.